दिवाळी अंकाने कथा घेतली, आता छापून येईपर्यंत काय काय बघायचं?

निंबोणी

एका दिवाळी अंकाने कथा स्वीकारली आहे. संपादकांचा फोन आला, "घेतोय, थोडी कात्री लागेल," एवढंच बोलणं झालं. कथा साधारण ३,८०० शब्दांची, निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद वऱ्हाडीत. लेखी काही नाही, मानधनाचा विषय निघाला नाही. हीच कथा एका मासिकाकडेही गेलेली आहे, त्यांच्याकडून हो-नाही काहीच नाही.

विचारायचं असं: फोनवरची स्वीकृती धरून चालायचं का? कात्री कुठे लावली ते छापण्याआधी बघायला मिळतं का? पुढेमागे संग्रह करायचा झाला तर कथेचे हक्क माझ्याकडेच राहतात ना? आणि मानधनाचं नवख्या माणसाने विचारावं की गप्प बसावं?

---

चौथं_पान

अभिनंदन. कथा दुसऱ्या मासिकाकडेही गेली आहे, तिथून सुरुवात करतो, कारण तेच सगळ्यात तातडीचं आहे. त्या मासिकाला आजच दोन ओळींची मेल टाका: "माझी '...' ही कथा मी विचारार्थ पाठवली होती, ती मागे घेत आहे, कृपया वापरू नये." कारण द्यायची गरज नाही. आपल्याकडे एक कथा एका वेळी एकाच ठिकाणी हा अलिखित संकेत अजून पाळला जातो. एकच कथा दोन अंकांत आली की दोन्ही संपादक नाव लक्षात ठेवतात, आणि ती आठवण फायद्याची नसते. पोच आली नाही तर आठवड्याने फोन करा. न वाचलेली मेल म्हणजे मागे घेतलेली कथा नव्हे.

फोनवरची स्वीकृती खरी असते, पण पक्की नसते. संपादक साधारणपणे लागतं त्यापेक्षा थोडं जास्त साहित्य घेऊन ठेवतात, कारण सांगितलेले दोन-तीन लेख हमखास येत नाहीत. ते ऐन वेळी आले, तर नव्या लेखकाची कथा "पुढच्या अंकासाठी राखून" जाते. म्हणून संपादकांना आपणच एक मेल पाठवायची. करार वगैरे शब्द नकोत, आभाराचीच मेल, पण कामाच्या गोष्टी तिच्यात बसवायच्या. असं काहीतरी:

"आपल्याशी फोनवर बोलल्याप्रमाणे माझी '...' ही अप्रकाशित कथा आपल्या २०२६च्या दिवाळी अंकात, छापील व त्याच अंकाच्या ई-आवृत्तीत, एकदा प्रसिद्ध करण्यास माझी संमती आहे. इतर सर्व हक्क माझ्याकडे राहतील. मजकुरात काही बदल किंवा काटछाट असल्यास छपाईपूर्वी मला दाखवावी, मी दोन दिवसांत उत्तर देईन. काही कारणाने कथा या अंकात येणार नसेल तर कृपया तसं कळवावं, म्हणजे मला ती अन्यत्र देता येईल."

यावर "ठीक आहे" एवढं उत्तर आलं तरी काम झालं. "दोन दिवसांत उत्तर देईन" हे वाक्य गाळू नका. लेखकाला मजकूर दाखवायला संपादक नाखूश असतात ते अहंकारामुळे कमी आणि लेखक आठवडाभर फाइल दाबून बसतो म्हणून जास्त.

कात्रीबद्दल. बहुतेक वेळा तिचं कारण साहित्यिक नसून पानांचं असतं. अंक आठ किंवा सोळा पानांच्या फॉर्मात (एकत्र छापून दुमडलेल्या कागदात) छापला जातो, त्यामुळे पानं हवी तेवढी वाढत नाहीत. नेहमीच्या आकाराच्या अंकात दोन स्तंभांच्या भरगच्च पानावर ४५० ते ५०० शब्द बसतात. म्हणजे तुमची कथा चित्रासकट नऊएक पानं खाणार. मागाहून अर्ध्या पानाची जाहिरात आली की कुठून तरी २२०-२५० शब्द जायलाच हवेत. ते कुठले, हे आपण सांगितलेलं बरं. आत्ताच कथेची एक प्रत घेऊन, काढले तरी चालतील असे ३०० शब्द खूण करून ठेवा. संपादकांनी मागितलं की त्याच दिवशी द्यायचे. तयारी नसेल तर डीटीपीवाला (संगणकावर पानं लावणारा) शेवटच्या पानावरून ओळी काढतो, कारण मजकूर तिथे सांडलेला असतो. कथेचा शेवट कापला जाण्याचं हे सर्वांत सामान्य कारण आहे, त्यात दुष्टावा काही नसतो.

आणि 'कात्री' म्हणजे खरोखर पुनर्लेखन असेल तर घाबरू नका. 'सत्यकथा' मासिकाच्या काळात त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रं लिहून कथा पुन्हा लिहायला लावत. आता एवढा वेळ देणारा संपादक भेटला तर नशीब समजा.

---

कलमबहाद्दर

हक्कांचं सांगतो. कॉपीराइट कायदा १९५७. कथा लिहिणारा हाच हक्काचा पहिला मालक (कलम १७). तिथे वर्तमानपत्रं-नियतकालिकांचा अपवाद आहे, पण तो नोकरीत असलेल्यांनी नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुरापुरता. बाहेरून कथा पाठवणाऱ्याला तो लागत नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि देणाऱ्याच्या सहीनेच देता येतात (कलम १९). त्यामुळे अंकाच्या श्रेयनामावलीत खाली बारीक अक्षरात "सर्व हक्क प्रकाशकाधीन" असं छापलं म्हणून तुमची कथा त्यांची होत नाही. दरवर्षी कुणीतरी या ओळीने हबकतं.

काळजी घ्यायची ती सही करताना. अलीकडे काही अंक, आणि जवळजवळ सगळ्या कथास्पर्धा, एक फॉर्म भरून घेतात. त्यात चार गोष्टी शोधा: कोणते हक्क, किती काळासाठी, कुठल्या प्रदेशासाठी, आणि मोबदला काय. काळ लिहिलेला नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. म्हणजे "प्रसिद्धीचे हक्क देत आहे" असं मोघम वाक्य सही करून दिलं, तर पाच वर्षं घोळ. वरच्या नमुन्यातला "एकदा" हा शब्द म्हणून महत्त्वाचा. त्या मेलमध्ये मी "इतर सर्व हक्क"च्या पुढे कंसात फोड करीन: पुनर्मुद्रण, अनुवाद, श्राव्य, नाट्य आणि दृक्‌श्राव्य रूपांतर. ऑडिओ पुस्तकांचा बाजार मराठीत वाढल्यापासून श्राव्य हक्कांना खरोखर गिऱ्हाईक आहे, ते फुकटात द्यायचं कारण नाही.

काटछाटीबद्दल कलम ५७चा हवाला नेहमी दिला जातो. ते कलम लेखकाच्या लौकिकाला बाधा येईल अशा मोडतोडीविरुद्ध आहे. दोनशे शब्द कमी केले म्हणून ते उपयोगी पडणार नाही. कथेचा शेवटच उलटा केला तर पडेल. त्यामुळे कायद्यापेक्षा "छपाईपूर्वी दाखवा" हे वाक्य जास्त कामाचं.

कॉपीराइट नोंदणीची गरज नाही. कथा लिहिली की हक्क निर्माण झाला. साहित्यकृतीच्या नोंदणीची सरकारी फी ५०० रुपये आहे, हौस असेल तर करा. एका कथेसाठी मी करणार नाही. पाठवलेली मेल आणि तारखेसकट मूळ फाइल सांभाळा, पुरावा म्हणून ती पुष्कळ.

---

खिळेजुळारी

फाइल कशी पाठवली आहे? युनिकोड असेल तर चांगलं, पण तिकडे पुष्कळ ठिकाणी अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टवर पानं लागतात. मग तुमची युनिकोड फाइल कन्व्हर्टरमधून जाते आणि खरे घोटाळे तिथे होतात. प्रूफ (छपाईआधी तपासायला येणारी लावलेली पानं) आलं की आधी हे बघा:

ऱ्य आणि ऱ्ह. 'दऱ्या'चं 'दर्या' होतं, 'वऱ्हाड'चं 'वर्‌हाड' किंवा 'र्हा' असं काहीतरी. तुमच्या कथेत हा शब्द असणारच.

ॲ आणि ऑ. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. जुन्या कन्व्हर्टरना ते ओळखूच येत नाही, तिथे मोकळी जागा किंवा चौकोन राहतो. 'ॲडव्हान्स'चं 'डव्हान्स' होतं.

अवतरणचिन्हं, लांब डॅश, टिंबटिंब. जुन्या फॉन्टमध्ये या चिन्हांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात, म्हणून संवादाच्या सुरुवातीला भलतंच अक्षर उगवतं. साधी सरळ अवतरणं वापरलेली फाइल पाठवली तर हा त्रास बराच कमी.

तिरपा टाइप. पात्राच्या मनातले विचार तिरप्यात टाकले असतील तर रूपांतरात ते सरळ होतात आणि निवेदनात मिसळून जातात. मनातलं वेगळं दाखवायचं असेल तर वाक्यरचनेतूनच दाखवा.

प्रसंग बदलताना सोडलेली मोकळी ओळ. ही सगळ्यात जास्त मारली जाते. स्तंभाच्या शेवटी आली की दिसत नाही, आणि जागा कमी पडली की पहिला बळी तिचाच. मोकळी ओळ सोडू नका, तीन फुल्या टाका. फुल्या कुणी काढत नाही.

इनडिझाइनमध्ये (पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये) थेट युनिकोड लावत असतील तर वेगळा प्रश्न: परिच्छेदाला 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर निवडलेला नसला की पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी पडतात. ते एका नजरेत कळतं. एक ओळ लिहून कळवा, त्यांना सेटिंग बदलायला मिनिट लागतं.

प्रूफ तपासून नवी वर्ड फाइल पाठवायची नाही, हे फार महत्त्वाचं. पान लागलेलं असतं, नवी फाइल कुणी पुन्हा ओतणार नाही. दुरुस्त्यांची यादी द्यायची: पान, स्तंभ, ओळ, काय आहे, काय हवं. "पान ११४, डावा स्तंभ, ओळ ९, 'दर्या' नको, 'दऱ्या' हवं." आणि या टप्प्यावर वाक्यं सुधारायचा मोह आवरा. एक ओळ वाढली तर पुढच्या पानांवरचं सगळं सरकतं. शब्दाच्या जागी तेवढ्याच लांबीचा शब्द, इतपतच.

---

निंबोणी

मासिकाला मेल केली, त्यांची पोचही आली. संपादकांनाही पाठवली. उत्तर असं: "मुद्दे मान्य. प्रूफ पाठवू. मानधनाचं अंकाचं काम आटोपल्यावर बघू." फोटो, परिचय आणि चित्रकारासाठी कथेचा सारांश मागितला आहे. फाइल युनिकोडच आहे. वऱ्हाडी संवादांचं काय करावं ते मात्र अजून कळलेलं नाही. मुद्रितशोधक पुण्याचे आहेत.

---

तुराटी

मुद्रितशोधक कुठलेही असोत, त्यांना यादी द्या. बोली समजत नाही हा त्यांचा दोष नाही, पण लेखकाने काही सांगितलं नसेल तर ते नियमाने जाणार. आणि सगळंच प्रमाण केलं तर निदान एकसारखं तरी होतं. प्रत्यक्षात होतं ते वाईट: पहिल्या दोन पानांत 'मले'चं 'मला' करतात, मग लक्षात येतं की हे मुद्दाम आहे, पुढे तसंच सोडतात. एकच पात्र एका पानावर 'मला' आणि दुसऱ्यावर 'मले' बोलतं.

यादी एका पानाची, दोन भागांत. पहिल्या भागात नियम: मला-तुला ऐवजी मले-तुले, 'ळ'च्या जागी 'य' (शाया, डोया, काया), माझं-तुझंऐवजी माह्यं-तुह्यं, नाही ऐवजी नाई, कशाला ऐवजी कायले, का ऐवजी काहून. दुसऱ्या भागात सुटे शब्द, कथेत येतात त्याच रूपात. वर ठळक: "संवादातील ही रूपं जशीच्या तशी ठेवावीत. निवेदन प्रमाण नियमांनुसार तपासावं." फाइलच्या पहिल्या पानावरच टाका, वेगळी जोडली तर मुद्रितशोधकापर्यंत पोचत नाही.

त्याआधी एक काम तुमचं. स्वतःच्या फाइलमध्ये 'मला', 'तुला', 'नाही', 'शाळा' असे शब्द शोधून बघा, आणि प्रत्येक ठिकाणी ते निवेदनात आहेत की संवादात हे तपासा. लिहितानाच मिसळ झालेली असते आणि खापर मुद्रितशोधकावर फुटतं. शिकलेलं पात्र प्रमाण बोलत असेल, किंवा एकच माणूस घरी वऱ्हाडी आणि कचेरीत प्रमाण बोलत असेल, तर तेही यादीत लिहा. नाहीतर मुद्रितशोधक तुमची यादी वाचून त्यालाही 'मले' बोलायला लावेल!

'काया'सारख्या शब्दांकडे जरा बारकाईने बघा. 'काया बैल' बरोबर वाचला जातो, पण नुसतं 'काया दिसते' असेल तर विदर्भाबाहेरचा वाचक शरीराकडे जाणार. अशा ठिकाणी तळटीप नको, वाक्य थोडं फिरवा. तळटिपा आणि शब्दार्थाची चौकट मागतील, नम्रपणे नको म्हणा. कथेत अर्थ संदर्भातून लागत नसेल तर दोष वाक्याचा.

'माह्या', 'तुह्यं' मधलं 'ह्य' जुन्या फॉन्टमध्ये पाय मोडून 'ह्‌य' होतं का तेही प्रुफात बघा. खिळेजुळारींच्या यादीत हे जोडा.

---

चौथं_पान

सारांशाबद्दल: चित्रकाराला सारांश देऊ नका, पूर्ण कथा द्या आणि सोबत चार ओळींत निव्वळ माहिती. पात्रांची वयं, काळ (मोबाइल आहेत की नाहीत), ऋतू, घर कसलं, पोशाख. सारांश दिला की चित्रकार सारांशातल्या सगळ्यात नाट्यमय प्रसंगाचं चित्र काढतो, आणि तो प्रसंग बहुधा शेवटचा असतो. वाचक पान उघडताच शेवट बघतो. मोठ्या टाइपात उचलून छापतात त्या वाक्याचंही हेच. दोन-तीन वाक्यं आपणच सुचवून ठेवा, कथेच्या पहिल्या निम्म्या भागातली.

परिचय ४०-५० शब्दांत, तृतीयपुरुषी. पहिली कथा असेल तर तसं लिहा, त्यात कमीपणा नाही. फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला तर तो दाबला जाऊन छपाईत फुटतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा मेल करा.

तारखा. यंदा अधिक ज्येष्ठ आल्याने दिवाळी उशिरा आहे, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. प्रूफ सप्टेंबरच्या उत्तरार्धात यायला हवं. ३० सप्टेंबरपर्यंत आलं नाही तर एक फोन करा. तेव्हा नाही केला तर नंतर पान छपाईला गेलेलं असतं.

---

सडेतोड

मानधनाचं "बघू" यावर कुणीच बोललं नाही. "बघू" म्हणजे नाही, असं धरा, किंवा आत्ताच आकडा विचारा. शब्द साधे ठेवा: "मानधन किती असतं आणि साधारण कधी मिळतं?" छपाईनंतर विचारलं की ती याचना होते. कागदवाला, छापखाना, चित्रकार, वितरक या सगळ्यांचे दर आधी ठरतात. ज्याच्यावर अंक उभा आहे त्याचंच तेवढं "बघू".

---

चौथं_पान

@सडेतोड, तत्त्व मान्य. व्यवहार असा की बहुतेक अंकांचा खर्च जाहिरातींतून निघतो आणि जाहिरातींची बिलं वसूल व्हायला मार्च उजाडतो. म्हणून देणारे अंकही जानेवारी ते मार्चमध्ये देतात. काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंत, आणि अनेक ठिकाणी फक्त अंकाची प्रत. विचारण्यात गैर काहीच नाही, आत्ताच विचारावं हेही बरोबर. पण "नाही" उत्तर आलं म्हणून पहिली कथा मागे घ्यायची का, हे अंक कुठला त्यावर ठरवावं. चांगल्या संपादकाच्या अंकात फुकट आलेली कथा पुढच्या वर्षी निमंत्रणाचं पत्र आणते.

उलट दिशेने पैसे मागितले तर मात्र थांबा. 'सहभाग शुल्क', 'प्रकाशन सहयोग', वीस प्रती विकत घेण्याची अट, यातलं काहीही असेल तर ती स्वीकृती नव्हे, विक्री आहे.

---

सडेतोड

एवढं सरसकट नको. वर्गणीवर चालणारी लहान नियतकालिकं लेखकांनाही वर्गणीदार व्हा म्हणतात, ते उघड असतं आणि वर्गणी न भरताही कथा छापतात. अट असेल तर वाईट, आवाहन असेल तर नाही. आणि चांगल्या संपादकाने फुकट छापावं हे मला पटत नाही ते नाहीच.

---

कलमबहाद्दर

कर: हे मानधन तुमच्या उत्पन्नात धरायचं. पुस्तकांच्या रॉयल्टीला मिळणारी सवलत मासिकं-नियतकालिकांच्या मानधनाला लागू नाही, ती मागू नका. बँकेचा तपशील आणि पॅन संपादकीय कार्यालयाच्या मेलवरच द्या, व्हॉट्सॲप गटावर नाही.

---

निंबोणी

आकडा विचारला, सांगितला, लेखी आलं. शेवटचं: अंक आल्यावर कथा फेसबुकवर टाकली तर चालेल का?

---

दप्तरी

लगेच पूर्ण टाकू नका. अंक विक्रीला असतो, आणि ई-आवृत्तीही विकली जाते. पहिल्या पानाचा फोटो आणि अंक कुठे मिळतो ते टाका. पूर्ण मजकूर निदान सहा महिन्यांनी, किंवा पुढची दिवाळी झाल्यावर, तोही संपादकांना कळवून. एकदा समाजमाध्यमावर किंवा कथांच्या ॲपवर टाकलेली कथा स्पर्धांना आणि इतर अंकांना 'पूर्वप्रकाशित' ठरते, पण तुमची छापून झालेलीच आहे, त्यामुळे ते नुकसान तुम्हाला नाही.

लेखकाची प्रत साध्या टपालाने आली तर दिवाळीच्या गर्दीत हरवण्याची शक्यता भरपूर. १ सप्टेंबर २०२५पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, तेव्हा स्पीड पोस्टने पाठवून क्रमांक कळवायला सांगा, खर्च देण्याची तयारी दाखवा. आणखी दोन प्रती विकत घ्या. डिसेंबरनंतर दिवाळी अंक शोधून मिळत नाही.

अंक हाती आला की चार गोष्टी स्कॅन करून एकाच पीडीएफमध्ये ठेवा: मुखपृष्ठ, श्रेयनामावलीचं पान, अनुक्रमणिका, आणि कथेची सगळी पानं. अनुवादाची परवानगी देताना, पुरस्कारासाठी पाठवताना, संग्रहात पूर्वप्रसिद्धी लिहिताना, प्रत्येक वेळी हेच मागतात. संग्रहासाठी मजकूर मात्र या पानांवरून घेऊ नका. प्रुफातल्या दुरुस्त्या आणि पटलेली काटछाट त्याच दिवशी तुमच्या मूळ फाइलमध्ये उतरवा आणि त्या फाइलच्या नावात अंक व वर्ष टाका. न पटलेली काटछाट परत घालायची असेल तर तीही तिथेच, वेगळ्या रंगात.